जालावरील ज्ञानकोशांतील छायाचित्रें व लिहिणाराचे हितसंबंध

कागद छापावयाचा तर तो कोणाच्या दफ्तरांतला, कोणाच्या हातचा, अस्सल कीं नक्कल, हें आधीं सांगावें, ही शिस्त महाराष्ट्रांतील इतिहासाभ्यासकांच्या अंगीं आतां शतकाहून अधिक काळ मुरलेली आहे. कै. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्यानंतर ज्या कोणी एखादा रुमाल सोडून चार पत्रें छापलीं त्याला हा प्रश्न चुकविणें कठीण झालें. असें असतां, याच मंडळींपैकीं कित्येकजण संगणकजालावरील विकिपीडिया या ज्ञानकोशांत लिहूं लागले कीं ही शिस्त वहाणांबरोबर दाराबाहेर काढून ठेवितात, असें आमच्या अवलोकनांत आलें आहे. छायाचित्राचें मूळ सांगावयाचें नाहीं, आणि आपण कोणाच्या बाजूनें बोलतों तेंही सांगावयाचें नाहीं, अशी दुहेरी ढिलाई तेथें चालते. हें आम्ही केवळ इतरांस नांवें ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं. हे दोन्ही अपराध आमच्या हातून घडले आहेत व ते पुढें यथास्थळीं सांगितले आहेत.

ज्या वाचकांचा या कोशाशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें जरूर आहे. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू झाला व मराठी १ मे २००३ रोजीं. सर्व भाषांतील कोशांना लागणाऱ्या चित्रांचें एक सामायिक भांडार आहे. त्यास विकिमीडिया कॉमन्स म्हणतात व तें सप्टेंबर २००४ मध्यें उघडलें. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश असो वा मराठी विश्वकोश असो, त्यांच्या पाठीशीं संपादकवर्ग, आणि चुकीचा जाब विचारावयाचा तर पत्ता ठाऊक. विकिपीडियांत कोणीही लिहितो, कोणीही खोडतो, आणि बहुतेक लिहिणारे टोपणनांवानें वावरतात. त्यामुळें लिहिणारानें आपण होऊन जें कांहीं उघड केलें असेल तेवढीच वाचकाची हमी.

आतां चित्रांकडे वळूं. कॉमन्सवर चित्र चढवितांना प्रथमच विचारतात कीं, हें काम तुमचें स्वतःचें आहे कीं दुसऱ्याचें? 'स्वतःचें' म्हटलें कीं पुढची वाट सरळ. 'दुसऱ्याचें' म्हटलें कीं कर्ता कोण, मूळ कोठें, परवानगी कोणती, अशी प्रश्नांची रांग लागते. मनुष्य सोपी वाट धरतो. मग पगडी घातलेल्या पणजोबांच्या चित्राखालीं कर्ता म्हणून पणतूचें नांव येतें, आणि चित्राची तारीख म्हणून ज्या दिवशीं तें स्कॅन केलें ती तारीख! आमच्या मतें हें बहुधा लबाडीनें होत नाहीं. षष्ठी विभक्तीमुळें होतें. 'हें आमचें चित्र' या वाक्यांत चित्रांत आम्ही आहों, चित्र आम्ही काढलें, चित्र आमच्या पेटींत आहे, चित्रावर हक्क आमचा आहे, हे चारही अर्थ संभवतात. षष्ठी संबंध तेवढा सांगते. कोणता संबंध तें सांगत नाहीं. पोथ्यांच्या बाबतींत आपण हा घोटाळा कधींच करीत नाहीं. पुष्पिकेंतील 'लेखक' म्हणजे ग्रंथकर्ता नव्हे, नकलकार, हें नवशिक्यासही आपण पहिल्याच दिवशीं बजावतों, आणि पोथीच्या मालकाचें नांव तिसऱ्याच रकान्यांत लिहितों.

कायदाही हेच तीन रकाने मानतो. १९५७ सालच्या आपल्या कॉपीराइटच्या कायद्याप्रमाणें छायाचित्राचा कर्ता म्हणजे जो तें घेतो तो. सामान्यतः पहिला स्वामीही तोच. परंतु कलम १७ असें सांगतें कीं, कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून छायाचित्र घेवविलें असेल, व उलट करार झालेला नसेल, तर पहिला स्वामी तो घेवविणारा. म्हणजे घरचीं माणसें नवीं वस्त्रें नेसून स्टूडिओंत गेलीं व पैसे मोजून आलीं, तर त्या चित्राचा हक्क घराण्याकडे येऊं शकतो. कर्तृत्व मात्र येत नाहीं. ज्याची केवळ प्रत जवळ आहे, मग ती जुन्या बाजारांत घेतलेली असो कीं एखाद्या वाड्याच्या माळ्यावर सांपडलेली असो, त्याच्याकडे कर्तृत्वही नाहीं आणि हक्कही नाहीं. एक पुठ्ठ्याचा तुकडा आहे. संग्राहकांस हें ऐकावयास बरें वाटत नाहीं. आम्हांसही वाटलें नव्हतें.

मुदतीचा हिशेब याहून अवघड आहे. मूळ कायद्यांत छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीपासून ५० वर्षें धरला होता. १९९२ च्या दुरुस्तीनें ती मुदत ६० वर्षें झाली. आणि २१ जून २०१२ पासून अंमलांत आलेल्या दुरुस्तीनें छायाचित्रांचें निराळें कलमच काढून टाकून त्यांना इतर कलाकृतींच्या पंक्तीस बसविलें, म्हणजे कर्त्याचें आयुष्य व त्यापुढें ६० वर्षें. शिवाय कॉमन्सवर चित्र टिकावयाचें तर तें उगमदेशाबरोबर अमेरिकेच्या कायद्यानेंही मुक्त असावें लागतें. तात्पर्य, चित्र केव्हां घेतलें हें कळून भागत नाहीं. केव्हां व कोठें छापलें, कोणी घेतलें, आणि घेणारा केव्हां वारला, हें शोधावें लागतें. घराण्याची वंशावळ जुळविण्यांत ज्यांची हयात गेली त्यांना एका फोटोग्राफरचें निधनवर्ष शोधणें जड जाऊं नये. अडचण निराळीच आहे. जुन्या चित्रांच्या पुठ्ठ्यावर खालीं किंवा पाठीमागें स्टूडिओचें नांव व गांव छापलेलें असे; फ्रेम करणारा कांचेच्या मापास बसावा म्हणून नेमका तोच पुठ्ठा कापतो. आमच्या हातून गेलेल्या चित्रांपैकीं निम्म्यांवर तरी ही कात्री चाललेली आम्ही पाहिली. पोथीचें शेवटचें पान फाडावें तसाच हा प्रकार होय. ज्यांच्याकडे अशीं चित्रें न कापतां राहिलीं असतील त्यांनीं पुढच्या बाजूबरोबर पाठीमागची बाजूही उतरवून ठेवावी.

हस्तलिखितांच्या छायाचित्रांविषयीं आपल्या मंडळींत याच्या उलट समजूत आहे. पोथी शके सोळाशेंतली असली तरी तिचें छायाचित्र आम्ही घेतलें, सबब त्याचे सर्व हक्क आमच्या स्वाधीन, असें पुष्कळ संग्राहक मानतात व पानाच्या मधोमध आपल्या संग्रहाचा शिक्का उमटवितात. न्यूयॉर्क येथील न्यायालयानें १९९९ सालीं ब्रिजमन ग्रंथालय विरुद्ध कोरेल या दाव्यांत असा निर्णय दिला कीं, हक्काची मुदत संपलेल्या सपाट चित्राची हुबेहूब छायाप्रत घेण्यांत नवनिर्मिति कांहीं नसल्यामुळें नवा हक्क उत्पन्न होत नाहीं. कॉमन्सचा रिवाज यावरच उभा आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनें २००९ सालीं, तिच्या जालस्थळावरील तीन हजारांहून अधिक चित्रें उतरवून कॉमन्सवर ठेवणाऱ्या एका हौशी कार्यकर्त्यास कायदेशीर कारवाईची धमकी दिली, परंतु चित्रें आहेत तेथेंच राहिलीं. जर्मनींत मानहाइमच्या संग्रहालयाच्या बाजूनें तेथील सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१८ मध्यें निकाल दिला खरा. पण पुढच्याच वर्षीं युरोपीय संघानें काढलेल्या निदेशाच्या १४ व्या कलमानें, मुक्त झालेल्या दृश्यकलाकृतीच्या केवळ प्रतीस नवा हक्क नाहीं असें ठरवून टाकलें. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यांत डिसेंबर २००७ मध्यें सांगितलें कीं नुसत्या श्रमानें व खर्चानें हक्क मिळत नाहीं. कौशल्य, विवेक आणि थोडी तरी निर्मिति त्यांत दिसली पाहिजे. तो खटला न्यायनिर्णयांच्या मुद्रणाचा होता, पोथ्यांचा नव्हता, आणि त्यांत संपादकांनीं विचारपूर्वक पाडलेल्या परिच्छेदांसारख्या कांहीं गोष्टींना संरक्षणही मिळालें. आपल्यापैकीं जे पाठभेद नोंदवून संहिता सिद्ध करितात त्यांनीं तो निकाल वाचण्याजोगा आहे. पान सपाट ठेवून कळ दाबणाराचा दावा त्यावरून सिद्ध होईल असें आम्हांस दिसत नाहीं. मूर्ति, वीरगळ, नाणें यांची गोष्ट वेगळी. तेथें उजेड कोणीकडून घ्यावा व कोन कोणता धरावा यांत घेणाराची बुद्धि लागते व त्याचा हक्कही उत्पन्न होतो. संग्राहकाला मान मिळावा, संग्रहाचें नांव व पोथीचा क्रमांक प्रत्येक प्रतीखालीं यावा, हें आम्ही आग्रहानें म्हणूं. परंतु अक्षरांवर शिक्का मारणें म्हणजे पाठ भ्रष्ट करणें आहे, आणि तें वाळवीनें केलें काय कीं मालकानें केलें काय, वाचणाराला सारखेंच.

आणखी एक गैरसमज परवानगीसंबंधीं आहे. 'अभ्यासासाठीं वापरण्यास हरकत नाहीं' असें उदार पत्र फोटोग्राफरच्या वारसाकडून आणलें, तरी कॉमन्सला तें चालत नाहीं. तेथें दिलेली मोकळीक व्यापारासकट सर्व उपयोगांस द्यावी लागते, आणि एकदां दिली कीं ती परत घेतां येत नाहीं. उद्यां कोणी मिठाईवाल्यानें आपल्या पणजोबांचें चित्र पेढ्यांच्या पेटीवर छापलें व कोपऱ्यांत कर्त्याचें नांव आणि परवान्याचा उल्लेख केला, तर कॉपीराइटच्या नांवानें त्यास अडवितां येणार नाहीं. हें ज्यांस सोसत नसेल त्यांनीं चित्र घरींच ठेवावें. त्यांत कांहीं पाप नाहीं. अर्धवट परवानगी देऊन नंतर भांडत बसणें मात्र बरें नव्हे.

कॉमन्सच्या व्यवस्थेंतही एक दोष आहे व तो आपल्या वाचकांस चटकन् ध्यानांत येईल. हक्कदारानें दिलेलें अनुमतिपत्र निवडक कार्यकर्त्यांच्या एका पथकाकडे ई-मेलनें जातें. चित्राच्या पानावर फक्त त्या पत्रव्यवहाराचा क्रमांक लागतो. पत्र कोणी लिहिलें, कोणत्या नात्यानें लिहिलें, कोणत्या शब्दांत लिहिलें, हें सामान्य वाचकास पाहतां येत नाहीं. खासगी पत्रव्यवहार चव्हाट्यावर आणूं नये हें आम्हांस मान्य आहे. परंतु पत्र देणाराचें नातें एका ओळींत सांगावयास काय हरकत आहे? 'फोटोग्राफरच्या मुलाकडून' किंवा 'चित्र घेवविणाऱ्या संस्थेकडून' एवढें कळलें तरी पुरे. ज्या भांडारांत दुसऱ्यांकडून कागद मागतात, त्यानें आपला कागद असा कुलुपांत ठेवावा हें विसंगत दिसतें.

हितसंबंधांची बाजू याहून नाजूक आहे. विकिपीडियाचा संकेत असा कीं, ज्याचा लेखविषयाशीं स्वार्थाचा किंवा आप्तपणाचा संबंध असेल त्यानें तो उघड करावा, आणि स्वतः लेखांत फेरफार न करितां चर्चापानावर सुचवावे. पैसे घेऊन लिहिणारास तर मालक व गिऱ्हाईक यांचीं नांवें सांगणें जून २०१४ पासून विकिमीडियाच्या वापरनियमांनींच बंधनकारक केलें आहे. त्याच्या आदल्या वर्षीं एका अमेरिकन जाहिरातकंपनीनें शेंकडों खोट्या खात्यांमार्फत गिऱ्हाइकांचीं पानें सजविल्याचें उघडकीस आलें होतें. नियम झाल्यावरही २०१५ सालीं इंग्रजी कोशांत एकमेकांशीं संगनमत असलेलीं ३८१ खातीं बंद करावीं लागलीं; हे लोक लेख छापून आणण्याचे पैसे तर घेतच, शिवाय छापलेला लेख राखण्याबद्दल दरमहाची पट्टीही मागत. चौथाईची आठवण व्हावी असाच हा मामला!

आपल्या सभासदांत असें पैसे घेऊन लिहिणारा कोणी नाहीं, असें आम्ही धरून चालतों. परंतु पैशानेंच मनुष्य विकला जातो असें थोडेंच आहे? घराणें, गांव, गुरु, शाळा, आपण स्वतः लिहिलेलें पुस्तक, हे सर्व हितसंबंधच. एका सरदाराची समाधि आपल्याच गांवीं आहे असें दोन गांवांनीं म्हणावें व दोन्हीकडच्या मास्तरांनीं रात्रीं जागून एकमेकांच्या ओळी खोडाव्या, हें आम्ही पाहिलें आहे. आपल्याच लेखाचा हवाला पंधरा पानांत पेरणारे विद्वानही पाहिले आहेत. त्यांचा लेख चांगला असेल. पण तो तेथें पेरणारा हात दुसऱ्याचा असता तर त्याची किंमत वाढली असती. अप्रकाशित कागदांवर आधारून थेट कोशांत लिहिणारांचें काम तर त्या कोशाच्या मूळ नियमांतच बसत नाहीं. कागद आधीं कोठें तरी छापून चर्चेस यावे लागतात. यासाठींच तर त्रैमासिकें आहेत.

येथें आमचें म्हणणें नीट समजून घ्यावें. हितसंबंधी मनुष्याची साक्ष टाकाऊ असते असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हटलें तर मराठ्यांच्या इतिहासाचें अर्धें दफ्तर जाळावें लागेल. करीना म्हणजे काय? वतनाच्या भांडणांत आपली बाजू खरी करण्यासाठीं वतनदारानें लिहून दिलेली हकीकत. कारीच्या जेधे देशमुखांचा करीना व त्यांच्याच घरची शकावली यांवांचून शिवकालाचा अभ्यास होत नाहीं. शकावलींत आलेली शिवजन्माची तिथि, शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, परमानंदाच्या शिवभारतांतही मिळाली, तेव्हां घरच्या टिपणाला बाहेरचा दुजोरा मिळून तिचें वजन वाढलें. करीन्याचा उपयोग आपणांस निर्धास्तपणें करितां येतो तो त्याचा लिहिणारा निःस्पृह होता म्हणून नव्हे. तो कोण, कोणाचा, कोणत्या वतनासाठीं भांडतो, हें कागदावरच लिहिलेलें असतें म्हणून. स्वार्थ झांकला कीं तोच करीना बनावट महजराच्या पंगतीला जाऊन बसतो.

म्हणूनच विकिपीडियाच्या कार्यकर्त्यांविषयीं आमची एक तक्रार आहे. एखादा वृद्ध संग्राहक भाबडेपणानें 'मी अमक्यांचा पणतू' असें चर्चापानावर लिहितो, आणि त्या दिवसापासून त्याची प्रत्येक ओळ संशयित ठरून खोडली जाते. त्याचाच पुतण्या टोपणनांवानें तेंच लिहीत राहतो व त्यास कोणी हटकीत नाहीं. ज्या व्यवस्थेंत खरें सांगणाराला दंड व लपविणाराला मोकळीक मिळते, तेथें सांगणारे कमी होत जातात. महाराष्ट्रांतील असंख्य दफ्तरें अजून घरोघरींच आहेत. घरच्या माणसांस दाराबाहेर ठेवून तेथील साधनें कोण आणणार? पणतूचें म्हणणें करीना म्हणून घ्यावें, दुसऱ्या पुराव्याशीं ताडून पाहावें, न जुळेल तें टाकावें. पण त्यानें तोंड उघडलें म्हणून त्याचा राग करूं नये.

आतां आमचें स्वतःचें. ज्यांच्यापाशीं आम्ही व्याकरण शिकलों त्या गुरुजींवर आम्ही कांहीं वर्षांपूर्वीं मराठी विकिपीडियांत लेख लिहिला. गुरुजी तालुक्याच्या शाळेंत संस्कृत शिकवीत व १९७१ सालीं सेवानिवृत्त झाले. त्या निमित्त घेतलेलें त्यांचें चित्र गौरवांकांत छापलें होतें. भिंतीवरच्या त्याच चित्राचें मोबाइलनें छायाचित्र घेऊन तें आम्ही 'स्वतःचें काम' म्हणून कॉमन्सवर चढविलें. आठवड्याच्या आंत एका अनोळखी कार्यकर्त्यानें विचारलें कीं, १९७१ सालीं कॅमेऱ्याची कळ आपण दाबली होती काय? त्या वेळीं आमचें वय अकरा वर्षांचें होतें. चित्र काढून टाकण्यांत आलें, व आम्ही दोन दिवस त्या अनोळखी माणसावर घरांत बडबडत होतों. जुन्या मुदतीनें मोजलें तरी तें चित्र २०३१ अखेरपर्यंत मुक्त होत नाहीं, हा हिशेब आम्ही मागाहून केला.

दुसरा अपराध अधिक लाजिरवाणा आहे. गुरुजींनीं एका क्षेत्रमाहात्म्याची लहानशी आवृत्ति काढली होती. ज्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरून पोथी आणली त्यांचें नांव त्यांनीं प्रस्तावनेंत दिलें नाहीं, व तत्कालीन एका परीक्षणांत त्याबद्दल दोष दिला गेला होता. कोणी तरी त्या परीक्षणाच्या आधारानें ही गोष्ट लेखांत एका वाक्यानें नमूद केली. तें वाक्य आम्ही काढलें. परत आलें, पुन्हां काढलें, आणि कारण म्हणून 'अनावश्यक' असा शब्द लिहिला. मग चर्चापानावर प्रश्न आला: आपला लेखविषयाशीं कांहीं संबंध आहे काय? आम्हांस उत्तर द्यावयास आठ दिवस लागले. शेवटीं, आम्ही त्यांचे विद्यार्थी आहों, त्यांच्या पोथ्यांपैकीं कांहीं आमच्याकडे आहेत, आणि वाक्य खरें आहे, असें लिहून दिलें. तें वाक्य आज लेखांत आहे. तें आम्ही लिहिलेलें नाहीं, आणि आम्ही भीत होतों त्याहून सौम्य आहे. त्या उपाध्यायांच्या घराण्याचें नांव मात्र अजूनही कोठें छापलेलें नाहीं. तें शोधण्याचें काम आम्ही अंगावर घेतलें आहे.

चित्रासाठीं आम्ही स्टूडिओचा तपास केला. फोटोग्राफर वारले, त्यांचे चिरंजीव त्याच जागीं झेरॉक्सचें दुकान चालवितात. त्यांनीं माळ्यावरून वडिलांच्या वह्या काढून दिल्या व तास दीड तास आमच्याबरोबर बसून पानें उलटलीं. १९७१ च्या वहींत नोंद सांपडली: 'शाळा, गुरुजींचा निरोप, बारा प्रती'. पुढें रक्कम, आणि रकमेपुढें 'बाकी'. जमेची नोंद त्या वहींत नाहीं आणि पुढच्याही नाहीं. चिरंजीव हंसून म्हणाले, "गुरुजी, म्हणजे शाळेकडून पैसे अजून यायचेच आहेत कीं!" चित्र घेवविणारी सत्कारसमिति समारंभाबरोबरच संपली. शाळेनें पैसे पुढें दिले किंवा कसें हें आतां सांगणारा कोणी हयात नाहीं, आणि त्यावांचून पहिला स्वामी कोण या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां येत नाहीं. चिरंजीव अनुमतिपत्रावर सही करावयास त्याच वेळीं तयार होते. आम्हीच ती घेतली नाहीं. लेखांत सध्यां गुरुजींचें चित्र नाहीं. त्यांच्या संग्रहांतील एका जुन्या पोथीच्या शेवटच्या पानाचें छायाचित्र आम्ही तेथें ठेवलें आहे, व त्याखालीं नकलकार, पोथी सध्यां ज्यांच्या घरीं आहे तें घर, आणि छायाचित्र घेणारा, अशीं तीन नांवें निरनिराळीं दिलीं आहेत.